शिव्यांसकट सांग

शाहीनआपा कुणालाही चहा सांगायला पाठवायची, आणि तो परत आला की समोर बसवून विचारायची, "काय म्हनला चहावाला? सारं सांग, शिव्यांसकट." नुसत्या "सांगितला" एवढ्यावर ती कुणाला सोडत नसे. दूध फाटलं, कालचे कप परत गेले नाहीत, हे सगळं तिला हवं असे. मी तर चहावाल्याची नक्कलही करून दाखवायचो.

अकोल्याच्या त्या शेतीसल्ला केंद्रात आम्ही दोघं कंत्राटी प्रोग्रामर. बोंडअळीचा इशारा गावोगावच्या कापूसवाल्यांच्या फोनवर धाडायचं काम एका स्क्रिप्टकडे होतं. ती स्वतः काही धाडत नसे. संदेश पाठवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला कमांड देई आणि त्याचं उत्तर न ऐकताच पडद्यावर हिरव्या अक्षरांत छापी : 'सर्व संदेश पोचले.'

भर हंगामात तेल्हाऱ्याहून आपाच्या भावाचा फोन आला. कपाशीच्या पऱ्हाटीवर अळी पडली होती आणि इशारा गावात कुणालाच आला नव्हता. आपा भडकली. "अरे, धाडलं न त्या दुसऱ्या प्रोग्रामले? मंग तो काय म्हनून रायला, हे आयकाले नाही पायजे?" तिने स्क्रिप्टच्या चार ओळी बदलल्या. आता त्या प्रोग्रामचं सगळं आउटपुट, तक्रारींसकट, पडद्यावर येऊ लागलं. पडदा लालभडक! गावागणिक एकच रड : लाइन बंद, संदेश गेला नाही.

केंद्राचे साहेब धावत आले. "उद्या वरच्या ऑफिसातले पाहुणे येणार आहेत, बाई! हे लाल काढा."

"लाल मी नाही लिवलं, साहेब. तो बोलून रायला, मी आयकून रायली."

"मग ऐकू नका!"

ऐकू नका म्हणे! शेतकी शिकलेला माणूस!

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनीच स्क्रिप्ट चालवली. हिरवी अक्षरं उमटली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! तिकडे फवारणीची वेळ हातची चालली होती. आपा उठली. "साहेब, चाचणीसाठी पैला नंबर तुमचाच टाकेल हाये. दाखवा न फोन, आला का संदेश?" साहेबांनी टेबलावरचा फोन घाईघाईने खिशात कोंबला. पाहुण्यांनी तो मागून घेतला, पाहिला, आणि टाळ्या वाजवलेले हात मांडीवर ठेवले. संध्याकाळच्या आत लाइन सुरू झाली. संदेश खरोखर गेले.

सकाळी साहेबांनी मला पाठवलं. "तिला सांग, आजपासून येऊ नको." स्वतः सांगायची छाती नव्हती. मी सांगितलं. आपाने डबा पिशवीत घातला आणि साहेबांविषयी जे बोलायचं ते मनसोक्त बोलून घेतलं. मग म्हणाली, "तुले त्यानं धाडलं न? आता जाय, अन् मी काय म्हनलं ते त्याले सांग."

"सारं?"

"शिव्यांसकट."

मी गेलो. केबिनचं दार मुद्दाम उघडं ठेवलं आणि आपाचे हातवारेसुद्धा गाळले नाहीत.