उत्तरेच्या वाटेआधीचा फोन

आमचे हे, म्हणजे चंद्रशेखर, दुबईच्या एका जहाज कंपनीत खलाशांची भरती बघतात. कुणालाही जहाजावर पाठवण्याआधी त्याच्या घरी स्वतः फोन करायचा, ही यांची पद्धत. ऑफिसातले हसतात. पलीकडून आई हटकून विचारते, काही झालं तर? आणि हे हटकून सांगतात, "मी आहे ना." आमच्या अल मजाजच्या खाडीकाठच्या घराच्या बाल्कनीतून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की खालच्या बोटवाल्यांनाही पाठ झालं असेल.

यंदा तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ल्यांचा धोका, म्हणून मालकाने नवीच टूम काढली. जहाज युरोपातून चीनला उत्तरेकडून न्यायचं, रशियाच्या बर्फाळ किनाऱ्यालगत. सेकंड ऑफिसर म्हणून देवगडच्या सत्यजितचं नाव आलं. मोठी बढती. वडील नाहीत, घरी आई एकटी.

तेव्हापासून हे जेवतानाही मोबाइलवर नकाशा उघडून बसायला लागले.

"अहो, आमटी निवतेय."

"अनुपमा, तिथे आठ देशांचा करार आहे, कुणी कुठे वाचवायला धावायचं त्याचा. पण रशियाने वॉर सुरू केल्यापासून बाकीचे सात त्याच्याशी धड बोलत नाहीत. आग लागली तर कोण येणार?"

"मॅनेजरला विचारा."

"विचारलं. म्हणतो, हबीबी, इन्शाल्ला कुछ नहीं होगा. खलास."

शनिवारी सकाळी यांनी देवगडला फोन लावला, स्पीकरवर. सत्यजितच्या आई, सुलभाताई, त्याच्या पहिल्या खेपेपासून यांना ओळखणाऱ्या; या वेळी नेहमीचा प्रश्नच विचारेनात. म्हणाल्या, "तुम्ही आहात ना, मग मला कसली काळजी?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी आहे ना" म्हणून टाकावं, असं मलाही वाटत होतं. त्या बाईचा जीव भांड्यात पडला असता, आमचंही काही गेलं नसतं.

"नाही ताई," हे म्हणाले. "तिथे मी नाही. बर्फात अडकले तर मदत कुठून येईल, मला माहीत नाही. नको वाटलं तर त्याला दुसऱ्या शिपवर देतो. प्रमोशन लांबेल, एवढंच."

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. सगळं ऐकूनही सत्यजित जातोच म्हणत होता.

जहाज उत्तरेच्या वाटेला लागलं आणि यांचा चेहरा उतरला. सुलभाताई रोज सकाळी फोन करायच्या, हे जहाज कुठे आहे ते सांगायचे. एका सकाळी मात्र जहाजाकडून रोजचा मेसेजच आला नाही. तो दुपारी आला, सगळे सुखरूप होते. पण त्याआधी, नेहमीच्या वेळी, सुलभाताईंचा फोन वाजला.

यांनी खरं ते सांगितलं, आज मेसेज नाही, आणि तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मला यांचा राग आला आणि रडूही. एवढा मोठा माणूस, हातात थंड चहा धरून उभा.

पलीकडे त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सुलभाताई म्हणाल्या, "भाऊ, काही खाल्लंत का सकाळपासून? खाऊन घ्या आधी. घाबरू नका. मी आहे ना."