तीन खिळ्यांची फळी

चिखल्याच्या खाणीत मी बत्तीघराच्या खिडकीवर बसतो. काम सांगायला सोपं आहे. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाजवळ नंबर ठोकलेला पितळी बिल्ला असतो. तो बिल्ला घ्यायचा, त्याच नंबरचा टोपीचा दिवा त्याला द्यायचा, आणि बिल्ला फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा. मोबाइल खाली न्यायचा नाही, तो फळीखालच्या खणात. माणूस वर आला की दिवा परत घेऊन बिल्ला आणि मोबाइल त्याच्या हातात. पाळी सुटल्यावर फळीवर एक जरी बिल्ला लटकत असला, तर एक माणूस अजून खाली आहे. तो येईपर्यंत मी खिडकी सोडत नाही.

या फळीपुढे लहानमोठं कुणी नाही. एकदा मॅनेजरसाहेब बोलण्याच्या नादात बिल्ला न देताच पुढे निघाले. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हटलं, "साहेब, बिल्ला." ते परत फिरले, बिल्ला दिला, मग उतरले. ही गोष्ट मी घरी इतक्या वेळा सांगितली आहे, की मी "एकदा मॅनेजरसाहेब" म्हटलं की बायको उठून स्वयंपाकघरात जाते.

माझा बाप याच खाणीत खाली माल भरायचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. तुमसरला जाऊन बी.ए. केलं. पदवी फ्रेम करून समोरच्या खोलीत लावली आहे, आणि येणाऱ्याला दिसावी अशीच लावली आहे. त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही.

मला एकच मुलगी. दहावीला तिला चांगले मार्क पडले, म्हणून मी तिला अकरावी सायन्सला घातलं. तिला विचारलं नव्हतं. कॉलेजचे धडे मोबाइलवर येतात म्हणून मोबाइलही मीच घेऊन दिला. त्याआधी संध्याकाळी मी ड्युटीवरून आलो की ती चहा घेऊन समोर बसायची आणि कॉलनीभरच्या बातम्या सांगायची. कोणाची बकरी कोणाच्या वावरात शिरली, बसमध्ये कोण कोणाशी भांडलं, सगळं. मोबाइल आल्यावर हळूहळू ते थांबलं. चहा यायचा, ती यायची नाही. काही विचारलं की "हं". एका हातानं जेवायची, दुसऱ्या हातात मोबाइल. मला ती पहिल्यासारखी बोलायला हवी होती. बाकी सगळं त्यानंतरचं.

शेजारच्या घरी काय चाललं होतं ते मी पाहतच होतो. शेजारी म्हणायचा, "पोट्ट्याईले मोकळं सोडा जी, आपोआप समजते." मग एखाद्या दिवशी त्याचं डोकं फिरायचं. मोबाइल हिसकावायचा, पोरांना दोन झापडा द्यायचा. दुसऱ्या दिवशी पोरं जेवली नाहीत म्हणून स्वतःच रिचार्ज मारून आणायचा. मी मनात म्हणायचो, याचं असं होणारच, याला पद्धत माहीत नाही. आपण शिकलेली माणसं. आपल्याकडे पद्धत आहे.

एका रविवारी मी सागवानाची फळी रंधा मारून घेतली. तीन खिळे ठोकले. तेलाच्या डब्याचं झाकण कापून तीन बिल्ले केले आणि खिळ्यानं ठोकून नंबर पाडले. एक माझा, दोन बायकोचा, तीन पोरीचा. खाली खोक्याचे तीन खण. नियम असा, की संध्याकाळी सात ते नऊ मोबाइल खणात आणि बिल्ला खिळ्यावर. शेजारी दोरीनं बांधलेली वही, त्यात वेळ लिहायची आणि सही करायची.

बायको ब्लाउजला काजं करत बसली होती. सुई थांबवून तिनं फळीकडे पाहिलं.

"घरी बी खाण काढली का जी तुम्ही?"

"शिस्त आहे ही."

"मंग दिवे बी वाटा टोपीचे. लाईट गेली का कामात येतीन."

पोरगी उठली. सही केली, मोबाइल ठेवला. पंधरा दिवस रोज सातला बिल्ला खिळ्यावर, रोज नऊला खाली. वहीत एक खाडाखोड नाही. मी खिडकीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलो. खालून वर आलेला एक जुना मिस्त्री बिल्ला घेताना म्हणाला, "बाबूच्या घरी किती पाळ्या चालतेत? मले बी लावून द्या एका पाळीत." सगळे हसले. मीही हसलो, पण मला अभिमानच वाटला.

मात्र पोरगी बोलत नव्हती. सात ते नऊ पुस्तक उघडं ठेवून बसायची, नऊला उठून मोबाइल घ्यायची. वही बरोबर होती, फळी बरोबर होती, आणि घरात चिडीचूप.

एका संध्याकाळी सातनंतर फळी पुसताना मी तिचा मोबाइल उचलला. कव्हर तिचंच होतं, आत भलताच. चार वर्षांपूर्वी बंद पडलेला माझा जुना हँडसेट! खरा मोबाइल घेऊन ती मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावर बसली होती.

मी तिला आत बोलावलं. आवाज चढवला नाही. आमच्याकडे यापेक्षा मोठा गुन्हा नाही. बिल्ला एक सांगतो आणि माणूस दुसरीकडे असतो, यानं जीव जातात. मी तेच म्हणालो. "फळीले फसवलं तू. खाणीत असं कोणी केलं तर त्याले दुसऱ्या दिवशी उभं करत नाही."

ती खाली मान घालून उभी होती. मग तिनं मान वर केली आणि फळीकडे बोट दाखवलं.

"पप्पा, एक नंबर कुठं आहे?"

एक नंबरचा खिळा रिकामा होता. माझा बिल्ला पहिल्या दिवसापासून टेबलाच्या खणात पडला होता.

"मले ड्युटीचा फोन येते," मी म्हणालो.

"मॅनेजरसाहेबाले येत नाही का?"

बायकोनं काजाचा दोरा दातानं तोडला. मला साथ दिली नाही.

"मी दोनदा तुमच्यापाशी आली होती," पोरगी म्हणाली. "तुम्ही मोबाइल पाहून राहिले होते. हं म्हणले."

"काय सांगाले आली होती?"

"आता नाही," म्हणाली आणि आत गेली.

मी बाप आहे, असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. बरं झालं म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर बसून मला माझ्या बापाचा रेडिओ आठवला. खालून थकून आल्यावर गाणी ऐकायची एवढीच त्याची चैन. पण मी पुस्तक घेतलं की तो रेडिओ बंद करायचा आणि अंगणात नुसता बसून राहायचा. "अभ्यास कर" असं तो मला कधी म्हणाल्याचं आठवत नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं, त्याला नुसतं बसायला आवडतं.

त्या संध्याकाळी सातला मी माझा मोबाइल खणात ठेवला आणि एक नंबर अडकवला. ड्युटीवर सांगून आलो, काही निघालं तर माणूस पाठवा, पाच मिनिटांवर तर घर आहे. खणात मोबाइल तीनदा घुरघुरला. तिन्ही वेळा माझा हात उठला. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, "बांधून ठेवू का जी हात?" पोरगी पुस्तकात तोंड घालून हसली. नऊला पाहिलं, तर कॉलेजच्या जुन्या दोस्तांच्या ग्रुपवर सकाळचेच विनोद पुन्हा आले होते. ड्युटीचं काही नव्हतं.

वही मी काढून टाकली. चार-पाच दिवस तसेच गेले. मग एका संध्याकाळी तांदूळ निवडणाऱ्या आईजवळ ती येऊन बसली आणि सुपातल्या तांदळाकडे पाहतच म्हणाली,

"पप्पा, मले फिजिक्स समजत नाही. पहिल्या दिवसापासून. मोबाइलवर पाच-पाच सरांचं पाह्यलं, तरी नाही. मंग पाहत पाहत दुसरंच काहीबाही पाहणं होते."

माझ्या डोक्यात एकदम खूप काही आलं. फी, मार्क, शेजारी, माझी फ्रेम. पण खिडकीवर आमचा एक रिवाज आहे. वर आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं. खाली काय झालं, ते तो दिवा परत करून, पाणी पिऊन स्वतः सांगतो. तोवर कुणी विचारत नाही. मी उठलो, मडक्यातून गडवाभर पाणी आणून तिच्यासमोर ठेवलं. तिनं ते पिऊन टाकलं आणि मग सगळं सांगितलं. आर्ट्सला जायचं म्हणाली. बापासारखं, असं म्हणाली नाही, ते मीच मनात जोडून घेतलं.

पुढच्या वर्षी काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. मोबाइल ती अजूनही पाहते, मला वाटतं त्यापेक्षा जास्तच पाहते. पण फळी भिंतीवर आहे आणि सातला तीन बिल्ले लटकतात. काल नऊ वाजून गेले तरी ती बसमधल्या भांडणाची गोष्ट सांगत होती. बायकोनं आमचे दोन बिल्ले काढले, मोबाइल आणून दिले. मी माझा पालथा ठेवला. तीन नंबर अजून खिळ्यावर होता, म्हणून मी तिथंच बसून राहिलो.