गेली का?

मागच्या आठवड्यात आईला घेऊन नाशिकहून परत येत होते. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एकावर पट्टी, दुसऱ्याने आधीच कमी दिसतं. फास्ट गाडी आमच्याकडे थांबत नाही, आणि तिचं तिकीट ऐकून आई म्हणाली, "एवढी घाई कुनाला हाय?" म्हणून पॅसेंजर...

मागून फास्ट आली की पॅसेंजरला बाजूला काढतात. आटगावच्या अलीकडे काढलीच! आमची माणसं तर याचीच वाट बघत असतात. घरं रुळापलीकडे, म्हणून उलट्या दाराने खाली उतरायचं, कुणीतरी विचारतं "गेली का?", पुढचा म्हणतो "गेली", की निघालो सगळे. चूक आहे, मान्य. पण सवय मेली जात नाही.

त्या संध्याकाळी शेतांत राब भाजायला घेतलेले. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, त्याचा धूर खाली उतरून रुळांवर बसलेला... चार पावलांपलीकडचं दिसेना. आवाजसुद्धा कोंडल्यासारखे येत होते.

फास्ट धाडधाड गेली. पुढे उतरलेला माणूस "गेली!" म्हणाला आणि धुरात दिसेनासा झाला. मी आईला हाताला धरून खडीवर उतरवलं. रुळाकडे पाऊल टाकणार, तोच अगदी कानाशी आईचा आवाज...

"थांब गो. अजून एक हाय."

थांबले. आणि धुरातून दुसरी फास्ट निघाली! हॉर्न नाही, काही नाही... माझी ओढणी उडून तिच्याकडे खेचली गेली. हल्ली पाठोपाठ दोन सोडतात, हे आमच्या कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पलीकडून तो माणूस ओरडला, "हाय ना रे सगळी?" मी कशीबशी "हो" म्हटलं. आईला म्हणाले, "तू थांबवलंस म्हणून वाचलो गं."

"मी कुठं? तूच नाय का बोललीस, थांब गो म्हणून?"

सर्रकन काटा आला अंगावर. मी तोंडच उघडलं नव्हतं. आणि शहरात राहून माझं 'गो' कधीच सुटलंय, मी 'गं' म्हणते...

फास्ट गाड्या हव्यातच हो, लोकांना लवकर पोचायचं असतं. पण आमची स्वस्तातली धीमी गाडीही राहू द्या, आणि तिथे एक पूल बांधा. एवढंच मागणं.

काल आईला तपासणीला नेलं होतं. येताना गाडी पुन्हा तिथेच बाजूला काढली. आम्ही दोघी जागच्या हललो नाही. एक फास्ट गेली, आणि दारातल्या एका बाईने खाली वाकून विचारलं, "गेली का?"

आई आणि मी एकदमच बोललो, "थांब गो, अजून एक हाय!" बाई मागे सरकली. दुसरी गेली.

बोललो आम्ही दोघी. आवाज तीन आले... आईने माझा हात घट्ट धरला, म्हणजे तिनेही ऐकलं.

तिसऱ्या आवाजाची तू कोण आहेस माहीत नाही बाई. भीती वाटते तुझी, खोटं कशाला बोलू. पण माझी आई आज घरात बसून चहा पितेय... थँक यू गो.