पुढच्या खोलीचा चार्ज

मी रायपूर सोडलं त्या दिवशी बाबा मला पोचवायला स्टेशनवर आले नाहीत. ते ड्यूटीवर होते. रेल्वेत ते कांटेवाले. रुळांचे सांधे बदलायचे आणि जाणाऱ्या गाडीला झेंडी दाखवायची, हे त्यांचं काम. त्यांची पाळी खरं तर संपली होती, पण पुढच्या पाळीचा माणूस आला नव्हता. या माणसाला रेल्वेत रिलीवर म्हणतात. रिलीवर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा बाबांच्या नोकरीतला पहिला नियम. पोरगी भोपाळला चालली आहे, खानदानातली पहिली बीए, पहिली मंत्रालयातली नोकरी, याचं नियमाला काय?

प्लॅटफॉर्मवर माय होती, धाकटा भाऊ विजू होता आणि सगळ्यात लहान शालू माझ्या ट्रंकेवर बसून केळं खात होती. माय एवढंच म्हणाली, "पोचली का चिठ्ठी टाकजो." गाडी सुटली. केबिनपाशी बाबा हिरवी झेंडी धरून उभे दिसले. मी खिडकीतून हात काढून हलवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते गाडीची चाकं पाहत होते. डब्याखाली काही लटकतं आहे का, कुठून धूर निघतो आहे का, हे शेवटच्या डब्यापर्यंत पाहायचं असतं. मला राग आला होता. दुर्ग येईपर्यंत तो टिकला. नंतर भूक लागली.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. म्हणजे आमच्या घराच्या पुढच्या खोलीत जे कोणी राहून गेलात, त्यांच्यासाठी. तुमच्यातले काही भिलाईला गेले, काही पुण्याला, एक जण तर मस्कतला आहे. काही गावातच राहिले. घराचं काय झालं, विकलं का, भावाबहिणींत कोर्टकचेरी झाली का, असं तुम्ही फोनवर आडून आडून विचारता. आडून विचारायची गरज नाही. काय झालं ते सांगते.

बाबा भंडाऱ्याकडच्या खेड्यातून रायपूरला आले तेव्हा त्यांना खोली मिळत नव्हती. घरमालक आधी नाव विचारायचा, मग आडनाव, आणि आडनाव सांगितलं की खोली कालच भरलेली निघायची. नोकरी रेल्वेची, पक्की, पगार महिन्याच्या महिन्याला, आणि माणूस झोपतो स्टेशनच्या मुसाफिरखान्यात. बाबा हे रागानं सांगत नसत. कुठल्या गाडीला कुठला प्लॅटफॉर्म मिळतो, हे सांगावं तसं सांगत.

म्हणून भनपुरीच्या रस्त्याला आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांनी जागा घेतली तेव्हा सगळ्यांत आधी पुढची खोली बांधली. तिचं दार सरळ रस्त्यावर. गावाहून जो येईल त्याची ती खोली. स्वयंपाकघरावर अजून छत नव्हतं, माय टिनाखाली भाकऱ्या थापायची, आणि पुढच्या खोलीत पाहुणे उतरलेले. "घर आपलं की त्याइचं, तेच समजत नाही," असं माय म्हणायची आणि आणखी दोन भाकऱ्या टाकायची. कोणी मोठ्या दवाखान्यात दाखवायला आलं, कोणी भरतीच्या परीक्षेला, कोणी लग्नाचा बस्ता बांधायला. एक काका दोन दिवसांसाठी आले आणि बीरगांवच्या कारखान्यात परमनंट झाल्यावरच हलले.

खोली सोडताना मात्र चार्ज द्यावा लागे. रेल्वेत पाळी बदलताना जाणारा येणाऱ्याला सांगतो, कोणत्या लायनीवर काय उभं आहे, कोणता कांटा जाम आहे. बाबांनी तेच घरात आणलं. जाणाऱ्या पाहुण्यानं येणाऱ्याला, आणि येणारा कोणी नसेल तर मायला, तोंडी सांगायचं. घड्यात पाणी भरलं आहे. खाटेचा डावा पाय हलतो. खिडकी जोरानं लोटू नका, काच ढिली आहे. मग म्हणायचं, "चार्ज दिला." समोरच्यानं म्हणायचं, "घेतला." त्यानंतर मागं वळून पाहायचं नाही, कारण आता खोली दुसऱ्याची. तुम्ही सगळ्यांनी हे केलं आहे. हसत केलं असेल, पण केलं आहे.

भोपाळमध्ये मी हिंदीत नोटशीट लिहायला शिकले, साहेबांना नाही म्हणायला शिकले आणि एकटीनं घर चालवायला शिकले. लग्न मी केलं नाही. त्याची गोष्ट इथं नको. तिथं कोणी विचारलं तर माझं घर रायपूर. सुटीत रायपूरला यायची तेव्हा आतल्या खोल्यांत जागा नसे, म्हणून मी पुढच्या खोलीत उतरायची. परत निघताना मायला चार्ज द्यायची. आपल्याच घरात आपण पाहुणे होतो याचं पहिल्यांदा वाईट वाटतं. मग सवय होते.

पुढं नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि फायलींबरोबर माणसांचीही वाटणी झाली. मी छत्तीसगडमध्ये आले. सुरुवातीला मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत होतं. जिथं कधीकाळी आमच्या गावच्या बाया बाळंत झाल्या होत्या, तिथं आम्ही राज्य चालवत होतो. नंतर सगळा कारभार नव्या रायपूरला गेला. मी आधी सरकारी क्वार्टरमध्ये राहिले आणि रिटायर होता होता नव्या रायपुरात फ्लॅट घेतला. तोवर विजूचा संसार घरात रुजला होता, आणि मला माझं स्वतःचं दार हवं होतं. तिथले रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. बस कधी येईल ते बसलाच माहीत. पण हवा स्वच्छ आहे.

आता घराचं. बाबांनी रिटायर झाल्यावर घर ट्रस्टमध्ये टाकलं. वकील म्हणाला, बाबूजी, सीधा वसीयत कर दो. बाबा म्हणाले, "मृत्युपत्र केलं तं हे तिघं तीन तुकडे करतीन. ट्रस्ट केला तं तिघाइले एका जागी बसा लागन." वकिलानं शर्ती लिहून घेतल्या. तिघं भावंडं ट्रस्टी. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय घर विकायचं नाही. तिघांपैकी एकानं कायम घरात राहायचं. आणि पुढच्या खोलीला कुलूप लावायचं नाही.

बाबा गेले, काही वर्षांनी माय गेली. तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक जेवून गेले, आणि आम्ही तिघं खरोखरच एका जागी बसलो. बाबांना वाटलं होतं तसं काही झालं नाही. राजधानीमुळं रस्ता मोठा झाला होता, आणि एक बिल्डर विजूला दोनदा भेटून गेला होता. विजू म्हणाला, विकून टाकू. नागपूरहून आलेली शालू म्हणाली, हो, विकून टाकू, फालतू का इमोशन नको; गावाहून आता येतं कोण, सगळे ऑनलाइन आहेत. मी म्हणाले, माझी सही होणार नाही.

शालू म्हणाली, "तुले काय, तू तं फ्लॅटमध्ये एसी लावून बसली. ट्रस्ट सांभाळाचा शौक आहे तं ये न इथं राहाले."

मी लेखी उत्तर देणारी बाई आहे. घरी जाऊन दोघांना पत्र पाठवलं, ट्रस्टच्या कलमांसकट, जसं खालच्या कार्यालयाला पाठवतात तसं. शालूनं ते वाचून मला मोबाइलवर अंगठ्याचं चित्र पाठवलं. विजूनं काहीच पाठवलं नाही. मी समजले, त्यानं घर गिळायचं ठरवलं आहे. आमच्याकडं भांडण झालं की बोलणं बंद होतं, आणि बोलणं बंद झालं की ज्याला जे वाटेल ते तो खरं मानतो. वर्षभर असं चाललं.

मग एक दिवस गावाहून वसंतादादांचा फोन आला. त्यांची पोरगी निशा नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेसाठी रायपूरला आली होती. दादांनी तक्रार केली नाही. फक्त विचारलं, "ताई, खोली बंद झाली काय? पोरगी परत फिरली. टेशनावर झोपली म्हणे."

मुसाफिरखान्यात. ज्या शहरानं बाबांना तिथं झोपवलं, त्याच शहरात आता आमच्या घरानं एका पोरीला तिथं झोपवलं होतं. मी सकाळची बस पकडली, पुढं ऑटो केला, आणि रस्ताभर विजूला काय काय बोलायचं ते हिंदी-मराठीत जुळवत गेले.

पुढच्या खोलीला कुलूप होतं. विजू गच्चीवर झाडू मारत होता. आमच्याकडं कारखान्यांची काळी धूळ पडते. सकाळी झाडली की संध्याकाळी पुन्हा पायाला लागते. माय तिथं पापड वाळवायची ते केव्हाच बंद झालं होतं. मी खालूनच सुरू केलं. बाबांचं नाव घेतलं, निशाचं घेतलं, ट्रस्टचं घेतलं. तो जिना उतरून आला, हात धुतले आणि म्हणाला, "चिल्लाऊन घे. मंग चहा पी. मले दवाखान्यात जाचं आहे."

ललिता, त्याची बायको, तीन दिवसांपासून ऑक्सिजनवर होती. दम्याचा झटका आला होता. डॉक्टर दोन वर्षांपासून सांगत होते, इथून निघा, ही हवा यांना चालणार नाही. निशा दाराशी आली तेव्हा विजू घरात नव्हताच. घाईत सगळ्या दारांना कुलपं लावून तो ललिताला घेऊन गेला होता.

"मले सांगितलं काहून नाही?" मी विचारलं. रागात मीही बाबांचीच भाषा बोलते.

"सांगतलं असतं तं तू म्हटली असती, विकाचा बहाणा करून राहिला. शालू म्हटली असती, चला, आता तरी विका. मले दोघींचंही आयकाचं नव्हतं." त्यानं चहा गाळला. त्याचे हात बाबांसारखे दिसायला लागले आहेत. "ताई, बाबा काय म्हणत? रिलीवर आल्याबिगर जागा सोडाची नाही. तू भोपाळले गेली. शालू नागपूरले गेली. मायचं हागणंमुतणं मी केलं. गावचे पाहुणे ललितानं केले. मी उभाच आहो न? मले हिस्सा नाही पायजे. मले सुट्टी पायजे."

मी गेले यात माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी गेले नसते तर आमच्या घरात शिक्षणाची वाट कोणाला दिसली नसती. पण माणसाची बदली करायची असते, त्यासाठी त्यानं आधी भांडायची वाट पाहायची नसते. वर्षभर मी कलमं वाचत होते. त्या कागदावर कोणी एकानं राहायचं असं लिहिलं होतं. त्याच एकानं मरेपर्यंत राहायचं, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

मी म्हणाले, "चहात साखर कमी आहे." मग म्हणाले, "ललिताले सुट्टी झाली का डायरेक्ट माह्या फ्लॅटवर ने. मी इथं येतो."

त्यानं माझ्या कपात चमचाभर साखर टाकली. मग म्हणाला, "धूळ तुले बी लागन."

"माही छाती सरकारी आहे," मी म्हणाले. "काही घुसत नाही."

शालूला फोन केला तेव्हा ती म्हणाली की आम्ही दोघंही पागल झालो आहोत. अजूनही तिचं मत विकावं असंच आहे, आणि ते तिनं बदलावं असा माझा हट्ट नाही. मी तिला एवढंच सांगितलं की माझ्यानंतरची पाळी तिची. ती म्हणाली, "मी साठ वर्षांची झाल्यावर काय?" मी म्हणाले, "हव, तेव्हाच." ती हसली, पण नाही म्हणाली नाही. घर अजून ट्रस्टमध्येच आहे, भांडणही थोडं शिल्लक आहे, आणि बिल्डर आता माझ्याकडं येतो. मी त्याला लेखी अर्ज द्यायला सांगते.

सामान हलवायच्या दिवशी विजूनं मला घरभर फिरवलं. मोरीचा नळ उलटा फिरतो. वरच्या खोलीचं बटण ओल्या हातानं लावायचं नाही. शेजारची बकरी रोज येते, तिला हाकलू नको, तिची मालकीण भांडते. पाणी सकाळी येतं, पण आधी नळ खोकतो, तेव्हाच बादली लावायची. शेवटी आम्ही पुढच्या खोलीत आलो. त्यानं कुलूप कडीतून काढून माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, घड्यात पाणी भरलं आहे. खाटेचा डावा पाय अजून हलतो.

"चार्ज दिला," तो म्हणाला.

"घेतला."

तो मागं न पाहता टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. ललिता आधीच फ्लॅटवर होती. तिथं भाजीवाला ओरडत येत नाही, फार शांत आहे, करमत नाही, अशी तक्रार तिनं पहिल्याच दिवशी केली. दम न लागता एवढं बोलली, ते मी ऐकून घेतलं.

टेम्पो निघाला तेव्हा विजूनं खिडकीतून हात काढला असावा. मला नक्की सांगता येणार नाही. मी चाकं पाहत होते. दोर नीट बांधलेला होता, पलंगाचा पाय बाहेर आलेला नव्हता, खाली काही लटकत नव्हतं. वळणापर्यंत सगळं पाहिलं, मग हात वर केला.

कोणी घर कुठं म्हणून विचारलं तर आता मी भनपुरीच्या रस्त्याचा पत्ता सांगते आणि म्हणते, सध्या ड्यूटी माझी आहे. निशाला नर्सिंगला प्रवेश मिळाला. कॉलेज सुरू होईपर्यंत ती पुढच्या खोलीत असेल. ती निघाली की खोली रिकामी आहे. येताना फोन केला नाही तरी चालेल. दार रस्त्यावरच आहे.