मास्तरांची भेदरं

काही माणसं गेली की त्यांच्यामागे एक विलक्षण शांतता उरते. मधुकर मास्तर गेले तेव्हा त्यांच्यामागे मोटर सुरू झाली. रामाकोना गावाजवळच्या मळ्यातल्या घरी, ओसरीत त्यांना ठेवलं होतं. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, पुरुष अंगणात उगाच चपला सरकवत उभे होते, आणि तेवढ्यात विजेची लाईन आली. विहिरीवरची मोटर ऑटोवर होती. ती घरघरली आणि मागच्या पॉलीहाऊसमधल्या ठिबकच्या नळ्यांत पाणी चढू लागलं. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बंद करा रे तिले." शालिनीवहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, उशाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "राहू द्या. पाण्याची वेळ हाय." मग आम्ही सगळे मोटरचा आवाज ऐकत बसलो.

बातमी दिली ती त्यांच्या मुलानं, प्रशांतनं. तो पुण्याला असतो, दिवाळीसाठी आलेला होता. फोनवर म्हणाला, "काका, बाबा गेले." मी विचारलं, "कुठं?" प्रश्न अगदीच मूर्खपणाचा नव्हता. मास्तर त्या दिवशी खत घ्यायला पांढुर्ण्याला येणार होते आणि नंतर माझ्याकडे चहाला थांबणार होते. मी दूध जास्त घेऊन ठेवलं होतं. झोपेतच हृदय थांबलं, असं प्रशांतनं सांगितलं. त्या दुधाला मी जाताना विरजण लावलं, हे मला आठवतं. बाकी त्या सकाळचं फारसं काही आठवत नाही.

सौंसरच्या शाळेत आम्ही बरोबर होतो. ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी मराठी. मी आयुष्यात एक कविता केली नाही, तरी ते मला 'कवी' म्हणायचे. मराठीचा मास्तर म्हणजे कवी, गणिताचा म्हणजे कंजूस, असे त्यांचे वर्ग पाडलेले होते. निवृत्त झाल्यावर संत्र्याची काही झाडं वाळली, त्या जागेवर त्यांनी पॉलीहाऊस उभारलं. लोकांना वाटलं, नागपूरच्या बाजारासाठी गुलाब नाही तर रंगीत मिरची लावतील. मास्तरांनी लावले टमाटे. आमच्या भागात त्यांना भेदरं म्हणतात. भेदरं तर कुणाच्याही बांधावर आपोआप उगवतात, त्यासाठी एवढा प्लास्टिकचा मंडप कशाला, असं गावानं विचारून झालं. खरं कारण गावाला सांगण्यासारखं नव्हतं. ते कारण शालिनीवहिनी होत्या.

वहिनींच्या मोरीमागे, धुण्याच्या दगडाजवळ, गावठी भेदरांची दोन-चार झाडं दरवर्षी कुणी न लावता यायची. लिंबाएवढं फळ, साल चिवट, पण त्याची भाजून केलेली चटणी ज्यानं खाल्ली तो पुढचा घास थांबवून वहिनींकडे बघायचा. मास्तरांच्या मनानं घेतलं की हीच चव मुठीत न मावणाऱ्या फळात आणायची. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "अबे, लहान भेदर कुणालाही जमते. तुझ्या वहिनीलेही जमते, अन् ती तं लावतही नाही." हा तिढा शास्त्राचा होता की संसाराचा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पहिल्या वर्षी त्यांनी पाणी सढळ सोडलं. फळं अशी झाली की लोक गाड्या थांबवून बघायला येत. पहिलं फळ रिवाजाप्रमाणे जामसांवलीच्या मारुतीला गेलं, दुसरं वहिनींच्या ताटात. वहिनींनी ती पाणचट फोड खाल्ली, वर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "एकच काम दोनदा झालं."

"देवानं तं घेतलं," मास्तर म्हणाले, "तुले काऊन नाही चालत?"

"देवाले चटणी नाही करा लागत."

दुसऱ्या वर्षी त्यांनी पाणी तोडलं. चव आली, पण फळं पुन्हा मोरीमागच्या मापावर गेली आणि बुडाला काळी पडली. वहिनी म्हणाल्या, "चव हाय. पण भेदर कुठं हाय?" मास्तर हसले नाहीत. त्या मनुष्यानं शाळेत शेकडो पोरांना नापास केलं होतं, पण स्वतः नापास होण्याची सवय त्यांना नव्हती. मग त्यांनी घोसातली फळं विरळ करणं सुरू केलं. प्रत्येक घोसावर मोजकी ठेवायची, बाकीची चिमटीनं खुडायची, पानांच्या बेचक्यातली बगलफूट काढायची, फळ रंगायला लागलं की पाणी हळूहळू कमी करायचं, एकदम नाही. त्यांची मळ्याकडे जायची वेळ आणि वहिनींची पूजेची वेळ एकच होती. दोघंही आपापल्या जागी सारखंच पुटपुटत असत.

त्यांची एक सवय मात्र बघण्यासारखी होती. पॉलीहाऊस बंदिस्त, आत वारा नाही, मधमाशी नाही. टमाट्याचं फूल हललं नाही तर पराग पडत नाही आणि फळ धरत नाही. म्हणून रोज सकाळी ऊन चढलं की मास्तर हातात काठी घेऊन आत शिरायचे. शाळेत मूलद्रव्यांचा तक्ता दाखवायची तीच काठी, निरोप समारंभात शाल-श्रीफळासोबत मागून घेतलेली. झाडं वरच्या तारेला सुतळीनं टांगलेली असत. मास्तर त्या तारेवर टकटक करत एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जायचे. ओळभर झाडं थरथरायची, त्यांच्या चष्म्यावर पिवळी भुकटी बसायची. "पोरायले हात लावाची बंदी झाली," ते म्हणायचे, "आता यायले शिकवून राहिलो." दिवाळीच्या आधी मी गेलो तेव्हा खालच्या घोसांना फळं धरली होती. हिरवी, जड, खांदे रुंद. त्यातलं एक तळहातावर तोलून म्हणाले, "कवी, यंदा ती चटणी करते. लिहून घे." मी लिहून घेतलं नाही. आमची शेवटची भेट ती.

तेराव्यानंतर सौंसरला श्रद्धांजली सभा झाली. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी मास्तरांना 'कृषिऋषी' म्हटलं, त्यानंतरच्यांनी 'कृषिमहर्षी'. तिसरे वक्ते अडचणीत आले, कारण त्याच्या वर काही उरलं नव्हतं. मागे मोठा फ्लेक्स होता. त्यासाठी प्रशांतनं बापाचा हातात भेदर धरलेला फोटो दिला होता. फ्लेक्सवाल्याला दुःखाच्या प्रसंगी टमाटा बरा दिसेना, म्हणून त्यानं फोटो छातीपाशी कापला. त्यामुळे सभाभर मास्तर मान खाली घालून, फार मायेनं, कशाकडे तरी बघत होते… आणि तिथं काही नव्हतं. मी भाषण केलं नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी फोटोच्या त्या कापलेल्या कडेकडेच बघत होतो.

काही आठवड्यांनी मी मळ्यावर गेलो. प्रशांतनं घरून काम करायची परवानगी काढली होती. ओसरीत कानाला हेडफोन लावून तो कुणाला तरी इंग्रजीत समजावत होता. मागून टकटक ऐकू आली. क्षणभर मला काहीच वाटलं नाही. इतकी वर्षं तोच आवाज ऐकत आत गेलो होतो, तसाच गेलो. आत वहिनी होत्या, पदर खोचलेला, हातात काठी.

"सुतकात मळ्यात पाय ठेवाचा नाही म्हणे," त्या म्हणाल्या. "नणंदबाई बसल्याच होत्या दारात. मोटर आपली सुरू होत होती, पाणी भेटत होतं. हे कोणाच्याच ध्यानात नाही आलं." काठीनं त्यांनी झाड दाखवलं.

खाली, मास्तरांच्या हातचे उरलेसुरले घोस लाल होऊन लटकले होते. वर, वहिनींच्या हातचे, सुपारीएवढी हिरवी फळं धरलेले. आणि मध्ये एक मोकळा देठ. त्या दिवसांत आलेली फुलं कुणी हलवली नाहीत, ती गळून गेली. एका झाडाला नव्हे. ओळीतल्या प्रत्येक झाडाला, जवळजवळ एकाच उंचीवर, ती रिकामी जागा होती. आमच्या छातीच्या खाली थोडी. मास्तर असते तर त्यांनी सुतकाला दोष दिला नसता. आईच्या वेळी ते स्वतः मुंडण करून तेरा दिवस बसले होते. त्यांनी फक्त कारण सांगितलं असतं आणि फळ्यावर लिहिल्यासारखं हवेत अधोरेखित केलं असतं. आम्ही दोघं त्या देठांकडे बघत उभे राहिलो. बाहेर प्रशांत म्हणाला, "Yes, yes, I can see your screen."

मग वहिनींनी खालच्या घोसातलं एक भेदर तोडलं. दोन्ही हातांनी धरावं लागलं. घरात आणून चुलीवर भाजलं, सोललं, लसूण-मिरची-कोथिंबीर घालून पाट्यावर वाटलं. त्या पॉलीहाऊसच्या फळाची ही पहिली चटणी. भाकरीबरोबर माझ्यापुढं ठेवली, स्वतःही घेतली. मी घास घेतला आणि मोरीमागची चव तोंडात आली… किंवा मला तसं वाटलं. माझ्या मताला मास्तर कधी किंमत देत नसत, म्हणून मी वहिनींकडे बघत राहिलो. त्या बराच वेळ चावत होत्या.

"कशी आहे?" मी विचारलं.

"मले सर्दी हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "काहीच चव लागून नाही राहिली."

उठून त्यांनी फडताळात, देवाच्या तसबिरीशेजारी, एक भेदर ठेवलेलं दाखवलं. खालच्या घोसातलं सगळ्यात मोठं, मुद्दाम राखलेलं. बाकीचं गेल्या बाजाराला गेलं होतं, झाडावर मास्तरांच्या वेळचं आता फारसं उरलं नव्हतं. म्हणाल्या, "सर्दी गेली की याची करून पाहतो. मंग सांगतो."

हा लेख पाठवण्याआधी काल फोन केला. सर्दी गेली, म्हणाल्या. झाडावर आता रिकामे देठच खाली आहेत, त्याच्या वरचं रंगायला वेळ आहे. मी विचारलं, मग ते फडताळातलं?

"परवा प्रशांतनं आमलेटात चिरलं. त्याले कोणी सांगतलंच नव्हतं."

"कसं लागलं म्हणतो?"

"वरून सॉस घेतला त्यानं."