आल्याच्या मळ्यातलं मांडूळ

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. मांडूळ न्यायला आलेली माणसं आप्पांच्या मळ्यात पोचली ती माझ्यामुळे. आणि हे कळल्यावरही मी कित्येक आठवडे गप्प बसलो.

मी सांगलीत विश्रामबागेला राहतो, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करतो. साप बघायचा नाद जुना. सांगली-साताऱ्याकडच्या अशाच नादिष्टांचा आमचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. कुणी साप, सरडा, घोरपड यांचा फोटो टाकला की पहिला प्रश्न ठरलेला : कुठं दिसला? हा प्रश्न चांगल्या माणसाला पडतो तसा चोरालाही पडतो. म्हणून नियम मीच केला होता, फक्त जिल्हा सांगायचा. गाव नाही, ओढा नाही, देवळाची खूण नाही. मांडुळाच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून. त्याला दोन तोंडं असतात, ते गुप्तधन दाखवतं, या थापांवर विश्वास ठेवून ते विकत घेणारी माणसं आजही आहेत.

माझी बहीण साताऱ्याकडे दिलेली. गाव इथेही लिहीत नाही. तिच्या शेजारी आप्पा राहतात. मिलिटरीतून रिटायर होऊन आता आल्याची शेती करतात. मी बहिणीकडे गेलो होतो तेव्हा त्यांच्याकडे आलं काढायला सुरुवात झाली होती, आणि भुसभुशीत मातीतून मांडूळ वर आलं. आप्पांनी मला हाक मारली.

मनगटाएवढं जाड, तपकिरी, अंगावर बारीक गुळगुळीत खवले. दोन्ही टोकं सारखीच बोथट.

"पाव्हणं, तोंड कंचं ह्यातलं?" आप्पांनी विचारलं.

"तुम्हीच ओळखा."

त्यांनी वाकून, चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलं आणि एका टोकाकडे बोट दाखवलं. तेवढ्यात दुसऱ्या टोकातून जीभ लपकन बाहेर आली.

आप्पांच्या पत्नी, काकू, मागे उभ्या होत्या. "पलटणीत शत्रू वळकायचं काम ह्यांच्याकडं न्हवतं, म्हणून वाचलो बगा समदी," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की भ्यायल्यावर ते डोकं वेटोळ्यात लपवतं आणि शेपटी वर धरतं. मारणारा शेपटीवर मारतो, डोकं वाचतं. आप्पा एकदम खूश झाले. "म्हंजी आमच्यागतच की! खोटा मोर्चा फुडं करायचा." मग ते काय खातं, किती वर्षं जगतं, मातीखाली श्वास कसा घेतं, असं विचारत राहिले. आम्ही बांधावर बसून ते मातीत शिरताना पाहिलं. घाई नाही, उकरणं नाही. डोकं पाचरीसारखं घालून हळूहळू आत, आणि वर माती जशीच्या तशी.

"उंदरं खातंय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या. कुणाला बोलायचं न्हाई," आप्पा म्हणाले.

"तुमी न बोलला म्हंजी मिळवली," काकू म्हणाल्या.

बोललो मी. ग्रुपवर टाकलेल्या फोटोत मांडूळ आणि माती सोडून काही येऊ दिलं नव्हतं. मोबाइलमधलं लोकेशन बंद होतं. वर लिहिलं : सातारा जिल्हा. आणि खाली आप्पांचे आभार मानले. पूर्ण नावानिशी, 'माजी सैनिक आणि आले उत्पादक' असं लिहून. आमच्याकडे ज्याच्या रानात पाय ठेवला, ज्याच्या घरचा चहा घेतला, त्याचं नाव न घेणं म्हणजे उद्धटपणा. लग्नपत्रिकेपासून सत्काराच्या बोर्डापर्यंत नावं घालायची हाताला सवय. आपण काही सांगून बसलोय असं मला वाटलंच नाही.

पुढच्याच आठवड्यात मोटारसायकलवरून दोघे आले. आप्पा बाजारला गेले होते. "आमी सांगलीच्या सरांच्या ग्रुपमधले, फोटो काढायला आलोय," असं त्यांनी सांगितलं. काकूंनी चहा केला, जागा दाखवली आणि त्या गोठ्याकडे गेल्या. आप्पा परत आले तेव्हा मळ्याचा तो कोपरा उकरून टाकलेला होता. मांडूळ नंतर कुणाला दिसलं नाही.

मी वनखात्याला कळवलं. पण चोरांना जागा कळली कशी, या प्रश्नाने मला पछाडलं. तोच फोटो मोठा करकरून पाहिला, मातीचा रंग पाहिला, कडेची गवताची काडी पाहिली. शेवटी ग्रुपमधल्या आष्ट्याच्या मित्राचा संशय घेतला. 'कुठं?' हे त्यानेच सारखं विचारलं होतं. त्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

मग काकूंना फोन केला. ती माणसं घर शोधत कशी आली?

"ह्यांचं नाव घिऊन की. आल्याच्या बाजारात नाव सांगून गाव काढलं, मग आल्याचा मळा असलेलं फौजी कुठं ऱ्हात्यात म्हणून आमच्या स्टँडवर इचारलं. लोकांनी आणून सोडलं दारात."

मी आभाराची ओळ पुसून टाकली. कुणाला काही बोललो नाही.

तिकडे गावात वेगळंच सुरू झालं होतं. बहिणीने सांगितलं, दूध डेअरीवर लोक म्हणतात म्हाताऱ्याने मांडूळ विकलं. कुणी तोंडावरच विचारलं, "आप्पा, नवी गाडी कवा दावताय?" त्या दिवसापासून आप्पांनी डेअरीवर जाणं सोडलं. सव्वीस जानेवारीला शाळेच्या झेंडावंदनाला दरवर्षी छातीवर पदकं लावून पुढे उभे राहणारे आप्पा या वर्षी घराबाहेर पडले नाहीत. हे ऐकल्यावर मी ठरवलं, आता सांगून टाकायचं.

आधी ग्रुपवर सगळं लिहिलं. आष्ट्याच्या मित्राला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "घे बाबा परत ग्रुपात. पण आता कुठं दिसलं ते सांगू नगंस मला!" हे सोपं होतं. आप्पांकडे जायला पाय निघत नव्हता.

गेलो. सगळं सांगितलं.

"मला सांगून काय उपेग, पाव्हणं? मी न्हाई इकलं हे मला ठावंच हाय."

काकूंनी दुधाची किटली माझ्या हातात दिली. "जावा डेअरीवर. ह्यास्नी बी न्या संगं."

डेअरीवर रांग होती. आप्पांना पाहून सगळे वळले. मी किटली खाली ठेवली. मी सांगितलं की चोरांना आप्पांचं नाव मी दिलं, मोबाइलवर, शहाणपणा करून. आप्पांनी काही विकलं नाही. ते तर कुणाला बोलू नका म्हणत होते.

"मग हे आदी का न्हाई सांगितलं?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"भ्यालो," मी म्हणालो. आणि आप्पांकडे वळून, सगळ्यांच्या देखत हात जोडले. "आप्पा, चूक माझी, आणि बोल तुम्हाला लागला. मी गप्प बसलो, ती त्याहून मोठी चूक. मला माफ करा."