भावंडं: दोन

रविवार, ११ जानेवारी. वेळ सकाळी साडेदहा. ठिकाण भावाचा फ्लॅट, उलवे. हजर: आई, आत्या, भाऊ, वहिनी, मी. गैरहजर: कोणी नाही.

शेवटची 'गैरहजर'ची नोंद मी वहीत लिहिली आणि मग खोडली. आबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि आम्ही जमलो होतो ते त्यांच्यासाठीच.

वर्षश्राद्ध शुक्रवारी झालं होतं. रविवारचं बसणं माझ्या आग्रहाने होतं. आबा गेले त्याआधीच्या दोन वर्षांत मी त्यांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. एकूण अकरा रेकॉर्डिंग, प्रत्येकाला नंबर. त्यासाठी सहा पानांची प्रश्नावली केली होती: बालपण, मिठागर, नोकरी, कुटुंब, जमिनी, सणवार. उत्तरं मी तिथल्या तिथे कागदावर टिपून घ्यायची, त्यामुळे रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायची गरज पडली नव्हती. त्या कागदांवरून वंशावळ काढली, छापली, लॅमिनेट केली. घरटी एक प्रत.

"ताई, पावती पण देणारेस का सही घेऊन?" भाऊ म्हणाला.

मी खरंच सही घेणार होते. तसा रकाना केलेला होता. मी वही मिटली.

आत्या करंजाड्याहून आली होती. ती आबांची धाकटी बहीण, वय ऐंशीच्या आसपास. तिने प्रत हातात घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला. "ह्या काय गो, मना बसचा पास केलास का?" सगळे हसले. मग ती बोटाने चौकटी मोजायला लागली. आजा, आजी, त्यांच्याखाली आबा, आबांच्या शेजारी ती स्वतः. बोट तिथे थांबलं.

"आमी तिगं होतो," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आत्या, आबांनी दोनच सांगितली होती."

"धाकला होता ना. नऊ दिसांचा होऊन गेला. बारसा पन झाला नाय."

मग तिने सांगितलं, आणि मी ते पहिल्यांदा ऐकलं. ती तेव्हा सहा वर्षांची होती, आबा दहा-अकरा. बाळ सकाळी गेलं. एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत, पुरतात. आजा त्याला घेऊन निघाला आणि सोबत आबांना नेलं. बायका जात नाहीत. जागा बायकांना सांगतही नाहीत, कारण आई तिथे जाऊन बसेल, उठणार नाही, अशी आमच्याकडची समजूत. आजाने आबांना तशी शपथ घातली होती. आजी मरेपर्यंत विचारत राहिली, आबा गप्प राहिले. आजीनंतर आत्याने विचारलं, तर म्हणाले, बघू कधीतरी.

"मना वाटला तुना तरी सांगला असल," आत्या मला म्हणाली. "एवढी टेप भरत होतीस त्याची."

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण मला माझं काम बरोबर आहे हे दाखवायचं होतं. ऑफिसात माझ्या नोंदीत चूक निघत नाही. मी म्हटलं, "थांब, आबांच्या तोंडूनच ऐक." कुटुंबाचा भाग सातव्या रेकॉर्डिंगमध्ये आहे हे मला पाठ होतं. फोन टीपॉयवर ठेवला, आवाज मोठा केला.

आधी माझाच आवाज आला. "पान चार. भावंडं. नाव आणि जन्मसाल सांगा."

"ह्यो पान चार काय?" आबा.

"हो."

बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता. मग आबांनी घसा खाकरला. "ज्याचा नाव ठेवला नाय, त्याचा काय लिवायचा?"

"नाव नसेल तर सोडून देऊ आबा. रिकामी चौकट बरी नाही दिसत."

पुन्हा पंखा.

"मंग दोन लिव."

"छान. पुढचं."

मी फोन बंद केला. वहिनी उठून आत गेली आणि आत काहीच काम नसावं, कारण भांड्याचा आवाज आला नाही. भाऊ हातातली वंशावळीची प्रत उलटी करून मागची कोरी बाजू बघत होता. मला सगळ्यात लाज कशाची वाटली तर त्या "छान"ची. आणि हा प्रश्न आबांनी मला विचारला होता हेच मला आठवत नव्हतं. मी उत्तर टिपलं होतं, प्रश्न नव्हता टिपला.

आई इतका वेळ कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "ते वाट बघत होते. मला म्हणाले होते, पोरगी पान चारवर विचारनार हाय, तवा एक गोष्ट सांगायची हाय तिला. मी म्हटलं काय, तर म्हणाले तिलाच सांगेन."

"पान चारवर सांगा म्हनून कोनी सांगलान त्याला?" आत्याने विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मी पुन्हा फोन घेतला. मी त्यांना तसं नेमकं कुठे सांगितलं ते आठवत नव्हतं, अंदाजाने तिसरं, मिठागराचं रेकॉर्डिंग लावलं. पुढे-मागे करताना माझाच आवाज तुकड्यातुकड्याने येत राहिला. "ते नंतर." "विषयावर या आबा." "साल सांगा फक्त." भावाने मान खाली घातली होती. शेवटी सापडलं.

"साल नाय सांगता येनार मना," आबा म्हणत होते. "धाकला गेला त्याच्या फुडल्या पावसानंतर लागलो मिठावर. धाकल्याला घेऊन बाबा नि मी दोगंच गेलो बांधावर. तिसरी उघाडी हाय ना, तिच्या..."

"आबा, कुटुंब पान चारवर आहे. तिथे सांगा. आत्ता अंदाजे साल टाकते."

"बरं."

ते "बरं" अगदी साधं होतं. रागाचं नव्हतं. शाळेत बाईंनी खाली बसवल्यावर मुलं म्हणतात तसं.

आत्याने विचारलं, "तिच्या काय? अलीकडं का पलीकडं?" ती फोनकडे नाही, माझ्याकडे बघून विचारत होती. मी म्हटलं, माहीत नाही. तिने पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "जाऊ दे. तू तुजा काम केलास." तिला टोमणा मारायचा नव्हता, हे मला कळत होतं, म्हणून ते जास्त लागलं.

पुढच्या रविवारी मी तिला गाडीत घालून खाडीकडे नेलं. उघाडी म्हणजे खारबांधातली पाणी आत-बाहेर सोडायची दारं. आमच्या गावाच्या बांधावर अशी सहा होती, एवढं आत्याला आठवत होतं. बांधाच्या बऱ्याच भागावर आता रस्ता आहे, दुसऱ्या बाजूला टॉवर. एक जुनी दगडी उघाडी दिसली, तिच्यातून सांडपाणी वाहत होतं. ती कितवी, सांगता येईना. मी मोजायला सुरुवात केली तर आत्या म्हणाली, "कुठून मोजतंस? गावाकडून का खाडीकडून? दोन्हीकडून येगली तिसरी येल." मला हे सुचलंच नव्हतं. डोक्यावरून विमान गेलं. मग तिने गावाकडे तोंड करून हात जोडले, वळली, खाडीकडे तोंड करून जोडले, आणि म्हणाली, "चल, माजे गुडगं दुखतान."

घरी येऊन मी कामांची यादी केली.

वंशावळीच्या प्रती परत मागवणे. झालं. तीन आल्या. आत्याने दिली नाही, तिने आपल्या चौकटीशेजारी बॉलपेनने वाकडी चौकट स्वतःच काढली आहे, आणि लॅमिनेशनवर शाई धरत नाही म्हणून ती रोज थोडी पुसली जाते.

संगणकातल्या वंशावळीत तिसरी चौकट काढणे. झालं. आत काही लिहिलेलं नाही.

अकराही रेकॉर्डिंग सुरुवातीपासून ऐकणे. आबांनी ती जागा आणखी कुठे सांगितली असेल तर शोधणे. आपण कुठे कुठे त्यांना थांबवलं ते टिपणे.

आत्या दर रविवारी फोन करते. आधी गुडघ्यांचं सांगते, मग विचारते, "ऐकलास का गो पुढचा?" मी म्हणते, या आठवड्यात ऑफिसचं काम होतं. ती म्हणते बरं, आणि तिचं "बरं" आबांसारखंच आहे. मी इयरफोन लावते, पहिलं रेकॉर्डिंग सुरू करते. आबा बोलायला लागतात, मोकळे, कशावरून कशावर जाणारे, आणि आता माझा आवाज येणार हे कळलं की मी थांबवते. तीन आणि सात सोडून नऊ बाकी.